जितके इंच उंची, तितके फूट उतार: गावचं स्टँड दिव्यांगांच्या सोयीचं कसं करून घ्यायचं

तालुक्याच्या स्टँडवर रॅम्प आहे का, असं कुणालाही विचारा, "आहे ना" हेच उत्तर मिळतं. बहुतेक ठिकाणी तो असतोही. पण कुबडीवाला माणूस कुणाचा हात न धरता त्यावरून वर जातो का, आणि वर गेल्यावर बसमध्ये चढू शकतो का, हे कुणी बघितलेलं नसतं. ते कसं बघायचं, दुरुस्ती कुणाकडे मागायची, अर्जात काय लिहायचं आणि काम चालू असताना कशावर नजर ठेवायची, ते सांगते.

मी अमळनेरची. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, आणि काखेत कुबडी. तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज लिहून देते, यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, ऑनलाइन फॉर्म भरून देते. त्यामुळे रोज कुणी ना कुणी चोपडा, पारोळा, धरणगावकडच्या खेड्यांवरून येतं आणि येताना काय काय झालं ते सांगतं. मामा गवंडी आहेत, त्यामुळे मोजमापाचं ज्ञान घरातच मिळालं.

पाहणीला एकट्याने जाऊ नका. एक कुबडी किंवा कॅलिपरवाला, एक न दिसणारा, एक ऐकू न येणारा आणि एक व्हीलचेअर किंवा तीनचाकीवाला अशी चार माणसं जमली तर उत्तम. नाही जमली तरी वेगवेगळ्या अडचणीची दोन तरी हवीतच, कारण मला जो अडथळा दिसतो तो डोळ्यांनी अंध असलेल्या भावाला लागतच नाही, आणि त्याला लागतो तो माझ्या लक्षातही येत नाही. सोबत टेप, वही, मोबाइल आणि गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी घ्या. एक फेरी बाजाराच्या दिवशी सकाळी करा, दुसरी पाऊस पडून गेल्यावर. उन्हाळ्यात गेलात तर दुपारी दोन वाजता जा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा रॅम्पच्या स्टीलच्या कठड्याला हात लावून बघा. चटका बसतो आणि हात आपोआप सुटतो. ज्याचा सगळा तोल त्या कठड्यावर आहे त्याने काय करायचं? म्हणून खान्देशात रॅम्प मागताना त्यावर पत्र्याचं छत किंवा कठड्याला रबर-प्लास्टिकचं आवरण हेही त्याच अर्जात मागायचं.

पाहणी स्टँडपासून सुरू करू नका, घरापासून करा. खेड्यातला माणूस घरून फाट्यापर्यंत तीनचाकी सायकलवर येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत कुबडीचं टोक वीतभर रुततं, म्हणून गाव ते फाटा हा तुकडा आधी लिहा: डांबर आहे की चिखल, कडेला चालायला जागा आहे का. महामार्ग चौपदरी झाल्यापासून पलीकडच्या बाजूची बस पकडायची तर दुभाजक ओलांडावा लागतो. जवळचा कट किंवा भुयारी रस्ता किती लांब आहे, तेही मोजा. मग फाट्यावरचा प्रवासी निवारा. गावोगावी हे निवारे आमदार निधीतून झालेले आहेत, नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि ओटा बहुतेक ठिकाणी फूट-दीड फूट उंच, पुढे पायऱ्या. म्हणजे सावली आहे, पण ज्याला उभं राहवत नाही तोच उन्हात. इथे ग्रामपंचायतीला धरायचं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत निवाऱ्याच्या उताराचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का, हे वाचून मगच उठा.

आता रॅम्प. सरकारच्या सुगमता मानकात चढ १:१२ पेक्षा तीव्र नको असं आहे. कागदावर हे अवघड वाटतं, पण मामांनी एका वाक्यात सोडवलं: जितके इंच उंची, तितके फूट उतार. ओटा १८ इंच उंच असेल तर उतार १८ फूट लांब हवा. जागा नाही म्हणून ठेकेदार तो सहा-सात फुटांत उतरवतो. तसला उतार व्हीलचेअरवाल्याला एकट्याने चढता येत नाही, आणि उतरताना खुर्ची हातातून निसटते. उंची मोजायला जमीन सपाट नसेल तर पाण्याची नळी लावा, वाद उरत नाही. सरळ जागा नसेल तर मध्ये पाच फूट बाय पाच फुटांची सपाट जागा ठेवून उतार वळवता येतो.

बाकीची मापं अशी: रुंदी १,२०० मिलिमीटर, म्हणजे चार फूट. दोन्ही बाजूंना कठडे, एक कमरेजवळ आणि एक त्याखाली, मुलांसाठी आणि खुर्चीवर बसलेल्यांसाठी. कडेला दोन-तीन इंचांची उचल, म्हणजे चाक किंवा कुबडी बाहेर घसरत नाही. वर चकचकीत फरशी अजिबात नको. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या की काम होतं आणि पैसेही वाचतात. आणि उताराच्या तोंडाशी मोटारसायकली लागतात, त्या अडवायला लोखंडी खांब रोवतात. दोन खांबांतलं अंतर मोजा. ९०० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर गाडी अडली आणि खुर्चीही अडली.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच कुठल्या अहवालात सापडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक स्टँडवर बस फलाटाला नाक लावून उभी राहते. दार डाव्या बाजूला, म्हणजे फलाटापासून लांब, दोन बसच्या मधल्या बोळात. रॅम्पवरून कसाबसा वर आलेला माणूस पुन्हा फलाट उतरून त्या बोळात शिरतो. तिथली जमीन चाकांनी उखडलेली, डिझेल सांडलेलं, बाजूची बस मागे यायला लागली की सरकायला जागा नाही. माणूस खड्ड्यात उभा असतो, म्हणून पहिली पायरी होती त्यापेक्षा आणखी उंच होते. तुम्ही टेप लावाल तेव्हा जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंतचं अंतर माणूस जिथे खरोखर उभा राहतो तिथून मोजा, आणि टेपसकट फोटो काढा. मी गुडघा वाकवू शकत नाही. माझ्यासाठी दहा इंच आणि सोळा इंच यांत प्रवास करणं आणि घरी बसणं एवढा फरक आहे.

याला उपाय आहे आणि तो गवंडीकामाचा आहे. स्टँडच्या एका कडेला एकच जागा अशी करायची की जिथे बस आडवी, ओट्याला समांतर लागेल. ओट्याची उंची बसच्या पहिल्या पायरीच्या जराशी खाली, लांबी वीसेक फूट, मागून १:१२ चा उतार, वर छप्पर. कडेपासून फूटभर आत ठिपक्यांच्या पिवळ्या फरशांची रांग, म्हणजे काठीला किंवा तळपायाला कळतं की पुढे कड आहे. ठिपके म्हणजे थांब, रेघा म्हणजे चालत राहा, हा त्या फरशांचा अर्थ. त्या उलटसुलट बसवलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून बसवताना हजर राहा. जमिनीवर चालकासाठी पांढरा पट्टा, पुढचं चाक त्यावर आलं की दार ओट्याच्या वीतभर अंतरात. ज्या बसमध्ये दिव्यांग प्रवासी आहे ती पाच मिनिटं या जागेवर यायची, मग आपल्या फलाटावर जायची. कंट्रोलरने माईकवरून तसं सांगायचं. मोजमाप आणि नकाशा विभागाच्या अभियंत्याने करायचा, पण मागणी आपण एवढी नेमकी करायची की "बघू, बघू" म्हणायला वाव राहू नये.

यामुळे कुबडीवाले, म्हातारी माणसं, गरोदर बाया सगळ्यांची सोय होते. व्हीलचेअरवाल्याची मात्र पूर्ण होत नाही, कारण साध्या बसमध्ये दारातून आत पुन्हा पायऱ्या आहेत. त्यांच्यासाठी बसच वेगळी हवी. केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलून १ मार्च २०२० पासून बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव सीट, खुणा, कुबड्या-काठ्या अडकवायची सोय, दांडे, आणि व्हीलचेअर आत घेऊन जागेवर बांधून ठेवायची व्यवस्था सांगितली आहे. म्हणून तुमच्या डेपोत नव्या गाड्या आल्या की पहिल्या आठवड्यात जाऊन त्यात यातलं काय आहे ते बघून घ्या आणि नसेल ते लिहून द्या.

तोवर उचलूनच बसवावं लागतं, तर ते तरी माणसासारखं व्हावं. दोन हमालांनी काखेत हात घालून पोत्यासारखं आत टाकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. ती बाई पुढे तासभर खिडकीबाहेर बघत बसली होती, कुणाशी बोलली नाही. आधी विचारा, "कसं धरू?" रोज जे उचलले जातात त्यांना कुठे धरलं की दुखत नाही हे ठाऊक असतं. खुर्चीसकट उचलायचं तर हात टेकायच्या दांड्याला धरू नका, तो निघून हातात येतो. खालच्या मुख्य सांगाड्याला धरा.

वाहकांसाठी आणि सहप्रवाशांसाठी आणखी थोडं. कुबडीवाला चढताना तुम्ही त्याच्या मागे उभे राहा, उतरताना त्याच्या पुढे खाली. चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, हा आमचा क्रम आहे. घाई करून तो मोडू नका. कुबडी काढून घेऊन डिकीत टाकू नका, ती हाताशी हवी. माणूस सीटवर टेकल्यावरच डबल बेल. अंध प्रवाशाचा हात ओढू नका, तुमचं कोपर त्याच्या हाताला लावा, तो धरून मागे येतो. पायरी आली की तोंडाने सांगा. आमच्या तालुक्यातले एक अंध आबा म्हणतात, "गाडी ते थांबस, पन कोठे थांबस ते माले कसं समजी?" बस फाट्याच्या पन्नास फूट पुढे जाऊन थांबली तर डोळस माणूस पळत जातो, आबा तिथेच राहतात. चालकाने पुढचं दार प्रवाशासमोर आणायचं आणि वाहकाने दारातून गाडी कुठली, कुठल्या मार्गे, एवढं मोठ्याने म्हणायचं. यासाठी एक रुपया लागत नाही. ऐकू न येणाऱ्याला तिकीट मशीनच्या स्क्रीनवर गाव आणि पैसे दाखवायचे, आणि चौकशी खिडकीत एक पाटी-खडू ठेवायचा. गाडी रद्द झाली की माईकवर सांगतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. तो बिचारा न येणाऱ्या गाडीची वाट बघत बसतो.

ज्यांचं अपंगत्व दिसत नाही त्यांच्याशी जरा सबुरीने वागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेलही आहे. नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. तरणा पोरगा राखीव सीटवर बसला म्हणून त्याला उठवायच्या आधी कार्ड विचारा. यूडीआयडीचं पिवळं कार्ड म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व, निळं म्हणजे ८० आणि पुढे.

संडासाचा विषय लाजेने मागे पडतो, म्हणून मी तो अर्जात सगळ्यात वर लिहिते. प्रवासाला निघायचं म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया माझ्या ओळखीच्या आहेत. आपल्या उन्हात हा जिवाशी खेळ आहे. काय मागायचं: दार किमान ९०० मिलिमीटर आणि बाहेर उघडणारं, उंबरठा नाही, कमोड, बाजूला भिंतीत पक्का रोवलेला दांडा, आणि आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा. दांड्याला लोंबकळून बघा, प्लास्टिकच्या स्क्रूवर टांगलेला असेल तर तो नसलेला बरा. काही ठिकाणी असं शौचालय बांधलेलं असतं, पण कुलूप लावून आत झाडू आणि फिनाइलचे कॅन ठेवलेले असतात. चावी कुणाकडे आहे ते दारावरच मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

तीनचाकी सायकलीचंही लिहा. शिबिरांतून त्या वाटल्या जातात, पण त्या बसमध्ये जात नाहीत. स्टँडवर सावलीत, साखळी लावून ठेवता येईल अशी जागा नसेल तर माणूस ती कुणाच्या भरवशावर सोडणार? आणि ज्या गावी उतरायचं तिथे स्टँडवर निदान एक व्हीलचेअर हवी, तीही हवा भरलेली.

पाहणी झाली की अर्ज. लांबलचक लिहू नका, एका पानात बसवा. दिनांक, जागा, मोजलेलं माप, मानकातलं माप, फोटो क्रमांक, एवढंच. "दिव्यांगांची गैरसोय होते" या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. "फलाटाची उंची १८ इंच, उताराची लांबी ७ फूट, हवी १८ फूट" याला द्यावं लागतं. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे.

कायद्याचं कलम लिहाच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ४१. त्याचे दोन भाग नीट वाचून जा. जुन्या गाड्यांमध्ये बदल करण्याबद्दल तिथे म्हटलंय की तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित, आर्थिकदृष्ट्या परवडणारं आणि रचनेत मोठा फेरफार न लागणारं असेल तिथे. साहेब लोक हेच वाक्य पुढे करतात. पण बसथांबे, रेल्वेस्थानकं, तिथली पार्किंगची जागा, शौचालयं आणि तिकीट खिडक्या यांच्याबद्दलच्या भागात अशी सवलत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, लढाई स्टँडपासून सुरू करा, तिथे त्यांच्याकडे सबब नाही. राजीव रतुरी यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सुगमतेचे किमान नियम बंधनकारकच असले पाहिजेत, नुसती मार्गदर्शक तत्त्वं चालणार नाहीत, असं सांगितलं, तेही एका ओळीत लिहा.

अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला. जळगाव जिल्ह्याचा विभाग जळगाव; धुळे आणि नंदुरबार दोन्ही जिल्ह्यांची आगारं धुळे विभागात येतात. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एसटीने २०२४ मध्ये 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, त्यात विभाग नियंत्रक आगारात येऊन प्रवाशांचं ऐकतात. तुमच्या आगाराची तारीख विचारा आणि व्हीलचेअरवाल्यालाच पुढे करा. साहेबांना त्याच्याबरोबर फलाटापासून बसच्या दारापर्यंत चालायला लावा. टेबलावर बसून जे पटत नाही ते त्या वीस पावलांत पटतं. उत्तर नाही आलं तर तहसीलच्या, मग जिल्ह्याच्या लोकशाही दिनात जा.  शेवटी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. कायदा मोडला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, नंतर ५० हजार ते ५ लाख.

रेल्वेबद्दल थोडक्यात. अर्ज चुकीच्या दारी गेला की महिने जातात, म्हणून आधी हद्द समजून घ्या: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव पश्चिम रेल्वेत; जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि धुळे मध्य रेल्वेच्या भुसावळ मंडळात. उंच फलाटावर उभं राहिलं तरी डब्याची जमीन दीड-पावणेदोन फूट वरच असते. दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डाच्या डब्याला लागून असतो, आणि टोकाला फलाटाचं छप्पर संपलेलं असतं. १३९ वर आधी फोन करून व्हीलचेअर आणि डब्याची बाजू विचारून ठेवा. सवलतीसाठी रेल्वेचं वेगळं दिव्यांग ओळखपत्र ऑनलाइन काढावं लागतं. सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. धुळे आणि सावदा स्थानकं रेल्वेच्या अमृत भारत या स्थानकं सुधारायच्या योजनेतून नवी होऊन मे २०२५ मध्ये खुली झाली. तुमच्या स्थानकावर असं काम निघालं असेल तर सिमेंट ओलं असतानाच जा. नंतर तोडफोड करायला कुणी पैसा देत नाही.

स्टँडचंही तेच. काम मंजूर झालं की नकाशाची प्रत मागा आणि आखणीच्या दिवशी टेप घेऊन हजर राहा. उताराची लांबी चुन्याने जमिनीवर मारली की तिथल्या तिथे मोजा. काम पूर्ण झाल्यावर, ठेकेदाराचं शेवटचं बिल निघायच्या आधी, पाहणीला आलेल्या त्याच माणसांना पुन्हा न्या. प्रत्येकाने एकट्याने रस्त्यापासून बसच्या सीटपर्यंत जायचं, संडासात जाऊन यायचं. कुठे अडकलं ते त्याच दिवशी लिहून अभियंत्याकडे द्या. त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे मानकात न बसणाऱ्या बांधकामाला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, हे त्या पत्राच्या शेवटी लिहा. या कामाचा अर्ज कुणाला लिहून हवा असेल तर मी पैसे घेत नाही, फक्त मापं मोजून आणा.